शिंक थांबली की सासूबाई जातील

५ जानेवारी, सकाळी
सासूबाई आज ठाणाकुशनूरला परत जाणार होत्या. पिशवी भरली, चपला घातल्या, उंबऱ्यात पाय ठेवला आणि मी शिंकलो. त्या आत येऊन बसल्या. म्हणाल्या, जावईबापू, शिंक झाली की, आता कसं जायाचं? दिवाळीला चार दिवसांसाठी आल्या होत्या. मी शकुन-अपशकुन मानत नाही. त्या मानतात, भोगतो मी.

८ जानेवारी
पुन्हा चपला. पुन्हा माझी शिंक. बायको विजयश्री हसल्यासारखी दिसली. भास असेल.

९ जानेवारी
निर्णय! बीदरच्या ॲलर्जी क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतली. शिंक बंद, सासूबाई रवाना. मन्नाएखेळ्ळीत बी-बियाणांची दुकानं पुष्कळ आहेत, पण डोकं चालवणारा दुकानदार मी एकटाच.

१९ जानेवारी
हातावर टोचून टेस्ट. सोबत कुणीतरी हवं म्हणाले. विजयश्री दुकानात, म्हणून सासूबाई आल्या. आठवडाभर शिंकेची गोळी खाऊ नका असं बजावलं होतं. पण डॉक्टरीणबाईंसमोर नाक गळणं बरं दिसत नाही, म्हणून सकाळी एकच घेतली. हातावर काहीच उठलं नाही. गोळी खाल्ली का विचारलं. मी नाही म्हणालो. सासूबाई म्हणाल्या, खाल्ली की, म्याच पाणी दिलं. परतताना बसमध्ये मी त्यांच्याशी बोललो नाही.

२ फेब्रुवारी
टेस्ट पुन्हा. हात भज्यासारखा फुगला. घरातली धूळ, झुरळं, गाजरगवत. सासूची टेस्ट होते का, असं हळूच विचारलं. डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या. विज्ञान अजून मागे आहे. इंजेक्शनं दर आठवड्याला, मग महिन्याला, एकूण तीन वर्षं. सगळी एकदम द्या म्हटलं, तर तयार नाहीत. डॉक्टरांत धाडस राहिलं नाही.

९ फेब्रुवारी
पहिलं इंजेक्शन. मी डोळे जरा मिटले. लोक म्हणतात चक्कर आली. इंजेक्शननंतर अर्धा तास तिथंच बसायचा नियम आहे. तेवढा वेळ सासूबाई पदराने वारा घालत होत्या. नर्सने विचारलं, आई का? मी स्पष्ट सांगितलं, पाहुण्या आहेत. गैरसमज वाढू देऊ नयेत.

२६ एप्रिल
घात झाला. सासूबाई म्हणाल्या, तुमचं इंजेक्शन संपस्तोर ऱ्हाते, तुमच्यासंगं बसायला कोण हाय? म्हणजे ज्या औषधाने त्या जायच्या, त्याच औषधासाठी राहणार. विजयश्रीला सांगितलं, आईला आता पाठव. ती म्हणाली, आप्पा गेल्यापास्नं तिकडं घर खायला उठतंय, कामून पाठवू? मी म्हटलं, गावची हवा चांगली असते. ती उठून गेली. पटलं असावं.

१० ऑगस्ट
गाजरगवत फुललंय, तरी शिंका निम्म्यावर. मी जिंकतोय. पुढच्या महिन्यात मोहीम फत्ते.

१२ सप्टेंबर
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुन्या गोधड्यांत धूळ साठते, गरम पाण्यात धुवा, उन्हात घाला. मी अर्धवट काम करत नाही. सासूबाईंची गोधडी परसात नेऊन जाळली. सासऱ्यांच्या धोतरांची शिवलेली होती म्हणे. असेल. वैद्यकीय कारण होतं. सासूबाई जवळ उभ्या राहून बघत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांना धुराची ॲलर्जी असावी.

१३ सप्टेंबर
घरात कुणी बोलत नाही. शांतता लाभली.

१४ सप्टेंबर, सकाळी
सासूबाईंची पिशवी दारात. अखेर! मग तिच्या शेजारी विजयश्रीची सुटकेस आली. मग आमच्या सोनूचं दप्तर. कुठं, विचारलं. विजयश्री म्हणाली, आईसंगं जायलाव, परत यायचं न्हाई. आता तुमी निवांत शिंका.

मी घाबरलो नाही. सासूबाई उंबऱ्यापाशी आल्या होत्या. एक शिंक पुरे होती. नाक चोळलं. सूर्याकडे पाहिलं. आत पळत जाऊन तिखटाचा डबा हुंगला. डोळे जळले, शिंक काही येईना.

सासूबाई उंबऱ्यात थांबल्या. मागे वळून बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. विजयश्रीने रिक्षातून हाक मारली, तरी हलल्या नाहीत. मी तोंड उघडून उभा होतो.

मग त्या गेल्या.

दुपारी क्लिनिकमधून फोन आला. तब्येत कशी आहे, विचारत होते. पूर्ण फरक पडला, म्हणून सांगितलं.