सातव्या फ्रेटची बुजवलेली खाच

अण्णा, तुमच्या गिटारच्या फ्रेट, मानेवर आडव्या रुतवलेल्या त्या धातूच्या पट्ट्या, झिजल्या होत्या, म्हणून काल मी स्वतःच त्या उपटल्या. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी तासभर वाजवते. शेजारीण म्हणते, हल्ली मी कुणावर आवाज चढवत नाही. मला तसं वाटत नाही.

मी बीएस्सीला असताना बाजारातून तुम्ही ही खराब मानेची गिटार आणलीत. कारखान्यात माग दुरुस्त करणारे जॉबर तुम्ही. मानेवर नवी फळी आणि तिच्यात फ्रेट बसवायला दोन रविवार पुरले. मोकळी तार गोड वाजली, बोट ठेवलं की बेसूर. पट्टी लावून पाहिली, तर सगळ्या फ्रेट एकसारख्या अंतरावर, मागाच्या फणीचे दात असावेत तशा. इतकं देखणं आणि इतकं चुकीचं काम मी पुन्हा पाहिलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तुम्हाला झापलं, विचारल्याशिवाय करवत चालवायचीच कशाला म्हणून. आई भाकरी थापायची थांबली. तुम्ही मात्र हसलात. घरच्या तेलुगू रीतीनं लेकीलाही अम्माच म्हणायचात.

“फणीचा दात सरकला तर कापड वाया जातं, अम्मा. हितं सरकवायचाच व्हय? मग तूच सांग की, किती ते.”

मग मी शिकवायला बसते. मानेवरून खाली येताना दोन फ्रेटमधलं प्रत्येक घर आधीच्यापेक्षा जरा लहान. लॉगचा तक्ता उघडून एकेका फ्रेटचं वरच्या टोकापासूनचं अंतर वेगळं काढते, आणि तुम्ही पेन्सिलीला टोक करून निमूट लिहून घेता. तुम्ही पुन्हा एक कोरी फळी बसवलीत, आणि दोन आठवड्यांनी कॉलेजातून आले, तर गिटार सुरात. गल्लीभर सांगत सुटलात, गणित माझ्या लेकीचं.

काल सातवी फ्रेट निघाली, तर तिच्या शेजारी आणखी एक खाच दिसली, भुसा आणि सरस भरून बुजवलेली. तुमचीच चूक, म्हणून कपाळाला आठी घातली. मग तुमच्या पेन्सिलीचा तो कागद काढून गणित पुन्हा केलं. सातव्या फ्रेटसाठी मी तक्त्यात एक ओळ खालची वाचली होती. कागदावरचा आकडा बरोबर त्या बुजवलेल्या खाचेवर पडतो. तुम्ही कानानं ओळखलंत, फ्रेट हलवलीत, आणि जन्मभर अवाक्षर काढलं नाहीत. मी एकटीच मोठ्यानं हसत सुटले.

हे पत्र टपालपेटीत टाकायचं नाही, म्हणून कबूल करते. हसू ऐकून नात आली. ही चुकीची खाच कुणाची, तिनं विचारलं. मी पटकन म्हणाले, माझ्या वडिलांची. उद्या तिला खरं सांगणार आहे. बहुतेक.