आधी पाणी, मग प्रार्थना

बाबा, परवा रविवारी मी तुमच्या मंडळीत भांडून आले. 'तुमची' असं मी अजून म्हणते, कारण तुमच्यानंतर कितीतरी पाळक आले आणि गेले, पत्रे जाऊन स्लॅब पडला, पेटीच्या जागी कीबोर्ड आला, तरी पंचांच्या बैठकीत अजून तुमचंच नाव घेऊन माणसं एकमेकांना गप्प करतात. या वेळी मला गप्प करायला ते वापरलं. तुमचं नाव, आणि माझ्याविरुद्ध. ते मला सोसवलं नाही म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही ते वाचणार नाही हे मला कळतं. पण आयुष्यभर भाषणं देऊन माझी एक खोड झाली आहे, समोर कोणी बसलेलं असल्याशिवाय मला नीट विचार करता येत नाही. आज तुम्ही बसा. मधेच उठायचं नाही.

भांडण एका बाईवरून झालं. तुम्ही तिचा बाप्तिस्मा केला होता, तेव्हा ती तुमच्या हातावर झोपून गेली होती म्हणतात. आता ती चिखलीत ब्लाऊज शिवते आणि आपल्या मंडळीत गायन तीच उचलते. तिनं पहिली ओळ धरली की बाकीचे मागून येतात, कीबोर्डवाला मुलगासुद्धा. मागच्या वर्षी तिचा खोकला जाईना, ताप राहू लागला, सरकारी दवाखान्यात टीबी निघाला. औषध सुरू झालं, त्या काळात ती स्वतःहूनच घरी राहिली. मग डॉक्टरांनी थुंकी पुन्हा तपासली आणि सांगितलं, आता हिच्यापासून कोणाला धोका नाही; गोळ्या मात्र शेवटपर्यंत घ्यायच्या, बाकी काम, बाजार, चर्च, सगळं सुरू करायचं. ती त्याच आठवड्यात नवी साडी नेसून उपासनेला आली आणि आपल्या नेहमीच्या बाकावर बसली. बाकावरच्या बाया एकेक करून उठल्या. एकीनं नातवाला पंख्याखाली न्यायचं निमित्त केलं, एकीनं चपला नीट ठेवायचं. प्रार्थना सुरू झाली तेव्हा त्या अख्ख्या बाकावर ती एकटी होती.

दुसऱ्या दिवशी मामा तिच्या घरी गेले. अख्खी मंडळी ज्यांना मामा म्हणते ते तुम्हाला आठवत असतील, तुमच्या शवपेटीला पुढून खांदा देणारे. आता पंचांमध्ये तेच थोरले आहेत. ते फाटकातूनच बोलले, आत गेले नाहीत. गोळ्या संपेपर्यंत घरीच प्रार्थना कर, देव सगळीकडे आहे, असं सांगून परतले. मी बैठकीत आवाज चढवला तेव्हा त्यांनी तडजोड काढली. तिनं यावं, पण बाहेर ओट्यावर तिच्यासाठी वेगळी खुर्ची राहील. प्रभुभोजनाच्या वेळी सगळ्यांना ताटातले द्राक्षरसाचे काचेचे छोटे प्याले, तिला प्लास्टिकचा, बाहेर नेऊन देऊ, नंतर फेकून देऊ. सगळ्यांनी माना हलवल्या. फार उदार निर्णय झाला असं वातावरण होतं. मी म्हटलं, हे मला मान्य नाही. तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "बाई, तू लय शिकेल आहेस. पन तुह्या बापाले म्या खांदा देल्ला. घरोघरचं पाणी पेत फिरला तो, अन् शेवटी छाती घिऊन गेला. आमी त्याच्यापासून काई शिकावं का नाई?"

बाबा, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं नाही. तुम्ही टीबीनं गेलात त्या दिवसापासून ते गावात फिरतं आहे. पाळकसाहेब पाण्यानं गेले. मयतीला आलेल्या बाया आईच्या समोर म्हणत होत्या. मला तुमच्या त्या पाण्याबद्दल बोलायचं आहे, कारण तुमच्यानंतर त्याचा साक्षीदार मीच उरले आहे.

मी अकरावीत आहे, सुट्टीत घरी आले आहे, आणि तुम्ही मला लुनावर मागे बसवून मोताळ्याकडच्या एका गावात नेत आहात. कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी ओढणाऱ्या एका माणसाला टीबी झाला आहे. तो आपल्या मंडळीतला नाही, पण त्याच्या बायकोनं बाजारात तुमचा हात धरून 'येता का' म्हणून विचारलं होतं. घर एका खोलीचं. तो खाटेवर उशीला टेकून बसलेला, बरगड्या सदऱ्यातूनही दिसतात. तुम्ही खाली सतरंजीवर बसता, पवित्र शास्त्र मांडीवर ठेवता, उघडत नाही. म्हणता, "माय, पाणी द्या." बाई घुटमळते. शेजारून गिलास आणते म्हणते. तुम्ही म्हणता, "शेजारचा काऊन? हा पेते त्याच गिलासात आन." ती आणते, देताना निम्मं पाणी तुमच्या धोतरावर सांडतं. तुम्ही घटाघटा पिता, गिलास उपडा करून दाखवता, जसं लहान मुलाला दूध संपवल्यावर दाखवायला लावतात. खाटेवरचा माणूस हसतो. बऱ्याच दिवसांनी हसला असावा, कारण त्याची बायको एकदम त्याच्याकडे बघते. त्यानंतर तुम्ही शास्त्र उघडता.

परतताना मी तुमच्याशी भांडले होते. लुनाच्या आवाजावर ओरडून विचारलं होतं की हा कुठला शहाणपणा, देवानं अक्कल कशाला दिली. तुम्ही गावाबाहेर विहिरीपाशी गाडी थांबवली आणि आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबा उन्हात काम करून या विहिरीवर येत तेव्हा त्यांना पाणी ओंजळीत मिळायचं, वरून ओतलेलं, ओतणाऱ्याचा हात लांब. "पाणी पोटात जाये," तुम्ही म्हणालात, "पन माणूस कोरडाच राहे. ज्याच्या घरचं पाणी मले चालत नाई, त्याच्यासाठी प्रार्थना म्या कोन्या तोंडानं करू?" मी नंतर पुष्कळ वाचलं, बाबा. धर्मशास्त्र वाचलं, धर्माविरुद्धचंही वाचलं, मोठमोठ्या सभांमधून दोन्हीकडची वाक्यं फेकली. तुमच्या या वाक्याला खोडून काढणारं मला अजून काही सापडलं नाही.

पण माझं तुमच्याशीही एक भांडण आहे, ते आज पूर्ण करते. पाणी पिऊन झालं की तुम्ही मला म्हणायचा, "पोरी, खिडकी लोटून घे. दारही." प्रत्येक घरी. का, ते मला माहीत आहे. त्या जिनिंगवाल्याची मुलगी लग्नाची होती आणि घरात टीबी आहे हे गल्लीला कळू द्यायचं नव्हतं. त्याला रडायचं होतं, आणि रडणाऱ्या माणसाचा आवाज रस्त्यावर जाऊ नये इतकी तुम्हाला त्याच्या इभ्रतीची काळजी. मग तुम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसायचा, तो बोलायचा, खोकायचा, रडायचा, पुन्हा खोकायचा, आणि तुम्ही तुमचा चेहरा जराही मागे घ्यायचा नाही. मी दाराशी बसलेली असायची. फळीच्या फटीतून उजेडाची एक पट्टी आत यायची आणि तिच्यात धूळ आणि कापसाचे तंतू तरंगत असायचे. तुमच्या गिलासात काही नव्हतं, बाबा. जे होतं ते त्या उजेडाच्या पट्टीत होतं. हा रोग गिलासातून जात नाही, कोंडलेल्या हवेतून जातो. तुम्हाला पाण्यानं मारलं नाही, लोटलेल्या खिडकीनं मारलं; आणि ती तुम्ही मायेपोटी लोटलीत. तुमचा धडा घ्यायचाच होता तर मंडळीनं पाणी ठेवायचं होतं आणि खिडकी उघडायची होती. त्यांनी नेमकं उलटं केलं. पाणी टाकलं आणि खिडक्या लावून घेतल्या. आपल्या चर्चच्या खिडक्या वर्षभर बंद असतात, का तर रस्त्यावरची धूळ बाकांवर बसते.

हे सगळं मी बैठकीत सांगितलं. आजोबांची ओंजळही सांगितली. म्हटलं, इथे बसलेल्यांपैकी कोणाच्या आजोबांना त्या विहिरीवर भांड्यात पाणी मिळालं होतं, त्यानं हात वर करावा. आणि ज्यांच्या आजोबांना मिळालं नाही, ते आज एका बाईसाठी वेगळं भांडं शोधायला बसले आहेत. पंचांमधले एक गुरुजी आहेत, माझ्याहून लहान. ते म्हणाले, "ताई, तुमी हे मधात कायले आणून राह्यल्या? हा आरोग्याचा विषय आहे." मी म्हटलं, आरोग्याचा असता तर तुम्ही डॉक्टरचं ऐकलं असतं. मग मामा म्हणाले, "हे पोरगी बापाच्या वर गेली. बाप आधी पाणी मांगे, हे आधी भांडन मांगते." सगळे हसले. खरं सांगते, मीसुद्धा हसले. पण निर्णय बदलला नाही. उलट मला सांगण्यात आलं की रविवारी वचन तुम्हीच सांगा, फक्त हा विषय नको.

रविवारी मी वचन सांगायला उभी राहिले आणि म्हटलं, आज मला सांगायचं काही नाही, खिडकीजवळ जे बसले असतील त्यांनी खिडक्या उघडाव्यात. मग प्लास्टिकची एक खुर्ची उचलली आणि ओट्यावर जाऊन तिच्या शेजारी ठेवली. मोठमोठ्या सभा जिंकलेली बाई मी, पण त्या दारातून बाहेर जाताना पाठीमागे कोणाची खुर्ची सरकल्याचा आवाज येतो का, हेच ऐकत होते. नाही आला. ती मला हळूच म्हणाली, "ताई, तुमी काऊन आल्या? आता दोघींलेई वाळीत टाकतीन." आणि पदर तोंडाशी धरून हसायला लागली. आत गायन सुरू झालं. कीबोर्डवाल्या मुलानं पट्टी वर धरली, बायांचे आवाज फाटायला लागले. एक कडवं तिनं कसंबसं सोसलं. "हे काय गाऊन राह्यले," ती म्हणाली, "देवालेई कानात बोटं घालावं लागन." मग तिनं तिथूनच दुसरं कडवं उचललं. तेवढ्यात आमच्या मागची एक खिडकी करकरत उघडली. मामी होत्या, मामांच्या घरच्या. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही, खिडकी मिटू नये म्हणून आकडी अडकवली आणि खाली बसल्या. तिचा आवाज त्या खिडकीतून आत गेला. आतले आधी थांबले, मग तिच्यामागून यायला लागले.

प्रभुभोजनाला मामा उंबऱ्याशी आले. एका हातात ताट, दुसऱ्या हातात भरलेला प्लास्टिकचा प्याला. माझ्या ओठांवर सगळं भाषण तयार होतं. पण तिनंच हात पुढे केला आणि ताटातला काचेचा प्याला उचलला. म्हणाली, "मामा, हा बरा आहे." एवढंच. मामा तिथेच उभे. आशीर्वाद झालेला रस सांडायचा नाही, मोरीत ओतायचा नाही, परत बाटलीत घालायचा नाही, ही रीत तुम्हीच लावून दिलेली. त्यांनी ताटाकडे पाहिलं, हातातल्या प्याल्याकडे पाहिलं, आणि तो प्लास्टिकचा प्याला तिथेच उभ्या उभ्या स्वतः प्यायले. मग ताट घेऊन आत गेले.

यानं सगळं जिंकलं असं समजू नका. संध्याकाळी मंडळीच्या ग्रुपवर आलंच की पुढच्या वेळीही खुर्ची ओट्यावरच राहील. पुढच्या वेळी ती बाकावर बसणार आहे. मी तिच्या एका बाजूला बसणार आहे, आणि दुसऱ्या बाजूला कोणी बसलं नाही तर आम्ही दोघी पसरून बसू. मला मंचावरून काढलं तरी चालेल. बाकावरून काढायला त्यांना मला उचलावं लागेल. आणि कोणी पुन्हा म्हणालं की पाळकसाहेब पाण्यानं गेले, तर मी त्याला तिथेच, सगळ्यांसमोर, तुमच्या खिडकीची गोष्ट सांगेन.

उपासनेनंतर मी तिच्या घरी गेले. शिवणयंत्र खिडकीला लावलेलं, खिडकी सताड उघडी, पलीकडे पिठाची गिरणी चालू. मी बसले आणि पाणी मागितलं. तिनं तिच्याच तांब्यातून दिलं, तिच्याच गिलासात. मी प्यायले. मग प्रार्थनेसाठी डोळे मिटण्याआधी जुन्या सवयीनं माझा हात खिडकीकडे गेला, तर ती म्हणाली, "राहू द्या. आयकू द्या गल्लीले. टीबी झाला व्हता, चोरी नाई केली." तुम्हाला ती त्या दिवशी भेटायला हवी होती, बाबा, त्या जिनिंगवाल्याच्या घरी.

आता एवढंच उरलं. तुम्ही संध्याकाळी मागच्या दारी धुण्याच्या दगडावर उभे राहून मिठाच्या गरम पाण्यानं गुळण्या करायचा, आई पातेलं आणून द्यायची. आम्ही विचारलं की म्हणायचा, प्रवचनासाठी घसा जपावा लागतो. परवा तिच्या घरून आले आणि मीही पातेल्यात पाणी तापवलं, मीठ टाकलं. पाण्यानं हा रोग होत नाही हे मी गावोगावी माईकवरून सांगते, तरी मागच्या दारी उभी राहून गुळण्या केल्या, चांगल्या चार-दोनदा. आणि तिथेच आठवलं, रविवारी प्रवचन असायचं, पण शनिवारी किंवा रविवारी तुम्ही त्या दगडावर कधी दिसला नाहीत. दिसायचा ते अशा एखाद्या आजाऱ्याच्या घरचं पाणी पिऊन आल्यावर. हे मी मामांना सांगणार नाही.