शॉवरमागची भिंत

९ नोव्हेंबर

आज सामान लागलं. पाथर्डी फाट्याजवळचं हे रो-हाउस जुनं असलं तरी उजेडाचं आहे. पुण्याहून ओझरला बदली झाल्यापासून आज पहिल्यांदा मन हलकं वाटतंय. आईला सटाण्याहून घेऊन आले. मागच्या अंगणातल्या न्हाणीत ती घसरून पडली तेव्हापासून रविराजशी, माझ्या धाकट्या भावाशी, माझं यावरूनच वाजत होतं. निघताना तो म्हणाला, बघू ताई, तुला किती झेपतंय. आईला यायचं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण इथे तिच्यासाठी बाथरूम नवीन करून घेतेय. दाराला उंबरा नाही, बसायला कट्टा, धरायला दांडा, अंगावर कोमट शॉवर. हे आईसाठी की रविराजला दाखवायला? दोन्हीसाठी. लिहून ठेवलेलं बरं.

१२ नोव्हेंबर

कारभारी मिस्त्रींनी जुन्या टाइल्स फोडल्या, शॉवरचा पाइप भिंतीत घेतला आणि वर नवं प्लास्टर केलं. आता टाइल्स लावेपर्यंत भिंतीला सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम माझं. ताई, कंटाळा नका करू, बाळंतिणीसारखं जपा तिला, असं त्यांनी बजावलं. आई दारात खुर्ची टाकून बघत होती. एका म्हातारीला न्हायला एवढा थाट कशाला, म्हणाली. आजी, आता राणीवाणी न्हायचं, असं मिस्त्री म्हणाले. त्यांचे तेच हसले.

१७ नोव्हेंबर

मिस्त्री टाइल्स घेऊन आले, भिंतीवरून हात फिरवला आणि सरळ म्हणाले, ताई, तुम्ही पाणी मारतच नाय, लय सुकलीय ही. मला फार लागलं. मी एकही वेळ चुकवलेली नाही. चुकवली असेल का? नाही. टाइल्स तशाच ठेवून, आणखी आठवडाभर पाणी मारा म्हणून ते निघून गेले.

संध्याकाळी मुद्दाम नीट बघत मग्याने पाणी मारलं. थेंबही खाली आला नाही. जमीन कोरडी ठणठणीत.

२० नोव्हेंबर

आईचे ओठ फुटलेत. तिच्या उशाचा तांब्या दर वेळी रिकामा असतो म्हणून मी निश्चिंत होते. आज ऑफिसमधून लवकर आले तर ती बाथरूममध्ये उभी. तांब्याचा काठ प्लास्टरला टेकवून, लहान मुलाला पाजावं तसा हळूहळू कलता करत होती. पाणी कुठेच सांडत नव्हतं. मी रागावले. तिने तिच्या बोलीत शांतपणे सांगितलं, तिले तीस लागेल शे. भिंतीला तहान लागली आहे म्हणे.

वयाने होतं असं. मी तेच धरून बसले आहे.

२३ नोव्हेंबर

भिंतीला पाणी मारणं बंद केलं. दुपारपर्यंत आईच्या हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायला लागली. तांब्यामागून तांबे पाजले. डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं. अंगात पाणीच नाही म्हणाल्या, सलाइन लावलं. तुमचं लक्ष असतं ना यांच्याकडे, असंही विचारलं. बाटली संपली, आई तशीच. शेवटी भिंतीवर बादली ओतली, आणि आईच्या ओठांवर ओल आली.

योगायोग असेल म्हणून पुन्हा एकदा बंद करून पाहिलं. मी पाहिलं. आईवर.

योगायोग नाही.

२६ नोव्हेंबर

रविराज आला. ताई, पापडासारखी वाळवलीस की तिला, म्हणाला. गाडी दारातच होती. आई पिशवी चाचपत उठली, माले घर लई चाल म्हणाली, घरी घेऊन चल. मी सांगितलं, डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली आहे. डॉक्टर असं काही बोलल्या नव्हत्या. तो सगळ्या भावकीत सांगत फिरला असता की मला झेपलं नाही. तेवढ्यासाठी?

हो. तेवढ्यासाठी.

२८ नोव्हेंबर

रजा टाकली. बादलीवर बादली. एकीने भागत नाही आता. आई भिंतीला टेकूनच बसते, उठवलं तर कण्हते. तिच्या पाठीपाशी प्लास्टर खोलगट झालंय — मिस्त्रींनी असं केलं नव्हतं —

३० नोव्हेंबर

पाइपलाइनचं काम, शहरात नळ बंद. वर्तमानपत्रात आलं होतं, मी वाचलं नाही. टाकी संपली. टँकर संध्याकाळी येईल म्हणतात.

एकच तांब्या उरला. आईला पाजला. तिने घोट घेतला, आणि भिंत —

भिंत ओली झाली. पहिल्यांदाच. पाणी ओघळतंय, जमिनीवर येतंय. आईचा हात कागदासारखा. डोळे उघडे. माझ्याकडे बघते आहे. पाठ निघत नाही भिंतीपासून. ओढली, निघत नाही.

रविराजचा फोन आला. न्यायला येऊ का, विचारलं. मी म्हटलं, नको, आई मजेत आहे.

असं का म्हटलं मी?

आईने ऐकलं.

उलट फोन लावला. त्याने उचलला. ये म्हणायचं, एवढंच. तोंड उघडेना, जीभ आईसारखी सुकून टाळूला — तो हॅलो हॅलो करून ठेवून — मेसेज करते. रविराज, मी खोटं बोलले, आई —