सायप्रसची नसलेली सुट्टी

मेडनहेड
७ एप्रिल २०२४

ती. द्रौपदीताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानातलं मशीन घालायचं तू नाव घेत नाहीस, म्हणून पुन्हा कागद घेऊन बसलो. प्रकृती ठीक. गुडघा कुरकुरतो, पण नदीपर्यंत चालून येतो.

सुप्रभाला जाऊन ९ मेला वर्ष होईल. नऊ तारखेला गुरुवार येतो, कोणाला रजा मिळायची नाही, म्हणून पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम सोमवारी ६ मेला, बँक हॉलिडेला ठेवलाय. हॉल बुक केला, भन्तेजींनी होकार दिला, सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर निमंत्रण गेलं. तुलाही मिळालं असेलच. आणि सगळ्यांच्या आधी जिनं हो म्हणायचं, त्या आपल्या स्नेहलनं काल नाही म्हणून कळवलं.

कारण ऐक. म्हणे ६ मेला तिकडे सायप्रसमध्ये ईस्टर मंडे आहे. ऑफिसातली तिकडची मंडळी सगळी सुट्टीवर, म्हणून ड्यूटी हिच्या गळ्यात. अगं, ईस्टर ३१ मार्चला होऊन गेला. उरलेली चॉकलेटची अंडी इथे इंग्लंडात दुकानांत अर्ध्या किमतीला लागलीत. बापाला इतकं खुळं समजते का ही पोरगी?

मला शंका आजची नाही. ती तिकडे नोकरीला गेल्यापासून दोन वर्षं तिच्या सुट्ट्यांच्या गोष्टी ऐकतोय. ६ जानेवारीला पाद्री समुद्रात क्रॉस फेकतो आणि पोरं गारठ्यात उड्या मारून तो काढतात. मार्चमध्ये म्हणे ‘हिरवा सोमवार’, त्या दिवशी लोक रानात जाऊन पतंग उडवतात आणि मटण सोडून ऑलिव्ह खातात. मग २५ मार्चची परेड. मग १ एप्रिलला राष्ट्रीय दिन. १ एप्रिलला, ताई. आता मी फ्रिजवर यादीच लावली आहे. प्रत्येक सुट्टी बरोबर इकडे यायच्या वेळेलाच कशी येते?

मला वाटतं तिथे कोणीतरी आहे. असेना, मी काय तलवार घेऊन बसलोय? पण आईच्या दिवसासाठी खोटं बोलायचं? ती नाही आली तर मी त्या हॉलमध्ये कोणत्या तोंडानं उभा राहू? तू तरी तिला दोन शब्द लिही. तुझं ऐकते ती.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
जगदीश


मिल्टन कीन्स
१६ एप्रिल २०२४

चि. जगदीश यास,
अ. आ. व जयभीम.

पत्र पोचलं. परवा जयंतीला लंडनात कॅमडेनला जाऊन आले. बाबासाहेब राहिले त्या घरासमोर गर्दी होती, मुंबईहून नव्यानं आलेली बरीच पोरंपोरी होती. एका मुलीनं हात धरून पायऱ्या चढवल्या. तू आला नाहीस. गुडघ्याचं निमित्त मला सांगू नकोस, नदीपर्यंत जाणारा गुडघा ट्रेनमध्ये बसतो.

आता तुझी फिर्याद. माझे केस कापणारी आंद्रुला मूळची सायप्रसची आहे हे तुला ठाऊक नसेल. मी तिला विचारलं. ती कात्री थांबवून हसायलाच लागली. त्यांचं ईस्टर जुन्या पंचांगानं चालतं. कधी दोन्ही एकाच दिवशी येतात, कधी आठवड्याचं अंतर पडतं, या वर्षी पाच आठवड्यांचं आहे. त्यांचा रविवार ५ मेला आणि सोमवारची सुट्टी ६ मेला. हिरवा सोमवार खरा, पतंग खरे, १ एप्रिल तर अगदी खरा. आपली वैशाख पौर्णिमा दर साली तारीख बदलते, तेव्हा तू कोणावर संशय घेतोस का? मग त्यांच्यावर कशाला? फ्रिजवरची यादी काढून टाक.

तिला पत्र लिहिते. पण जगदीश, तुझं पत्र वाचून मला वेगळंच काहीतरी टोचायला लागलं. मुलगी सुट्टीचं कारण सांगते म्हटल्यावर ते खोटंच असणार, हे तुझ्या डोक्यात आलं कुठून? चोराच्या मनात चांदणं म्हणतात. गेल्या वर्षी याच सुमारास, सुप्रभाच्या शेवटच्या आजारात, तू मला मेसेज करून सांगितलंस की लाँग वीकेंड आहे, मंगळवारपर्यंत हॉस्पिटलमध्ये काही हलणार नाही, घाई करून येऊ नकोस. मी बत्तीस वर्षं वॉर्डात काढली. बँक हॉलिडेला वॉर्ड बंद झालेला मी पाहिला नाही. तेव्हा बोलले नाही, दुःखात होतास. आज विचारते, तेव्हा खरं काय होतं?

औषधं वेळेवर घे. राग आला तर मावळू दे, आणि मग उत्तर लिही.
तुझी,
ताई


मेडनहेड
२१ एप्रिल २०२४

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

ईस्टरचं मान्य. हरलो. यादी काढली.

पण पुढचं ऐक. गुरुवारी मी तिच्या ऑफिसला फोन केला. बाप आहे असं सांगितलं नाही, कामाचा माणूस म्हणून केला. रिसेप्शनवरची बाई चांगली होती, तिनं विचारायच्या आधीच सांगितलं की स्नेहल २ मेपासून ९ मेपर्यंत रजेवर आहे. फेब्रुवारीतच रजा मंजूर झालीय म्हणे. म्हणजे ड्यूटी नाही, काही नाही. आता बोल. सण खरा असला तरी पोरगी खोटीच ना? सहा-आठ दिवसांची रजा घेऊन ही जाणार कुठे, आणि कोणाबरोबर? विमान चार-पाच तासांचं. आईसाठी तिला एक सोमवार मिळत नाही.

दोन दिवस जेवण गेलं नाही. हॉलवाल्याला किती माणसं येणार ते सांगायचं आहे आणि मी अजून तिचं नाव त्यात धरतोय.

गेल्या वर्षीचं तू कशाला उकरून काढतेस? जे झालं ते झालं. डॉक्टर काय बोलतात ते त्या वेळी माणसाच्या डोक्यात शिरत नाही.

तिला पत्र लिहिलंस का? विचार तिला, आणि मला कळव. एवढं भावासाठी कर.
तुझा,
जगदीश


लिमासोल
२६ एप्रिल २०२४

ती. द्रौपदीआत्यास,
जयभीम.

तुमच्या पत्राचा फोटो मिळाला. पोस्टानं उत्तर पोचायला फार दिवस लागतात, म्हणून हातानं लिहून फोटो पाठवतेय. माझ्या मराठीच्या चुका नेहमीसारख्या लाल पेननं दुरुस्त करा.

इथे सगळे ईस्टरच्या तयारीत आहेत. घरमालकीणबाईंनी मला फ्लाउना करायला बसवलंय. ते आपल्या मोठ्या करंजीसारखं असतं, फक्त आत चीज, पुदिना आणि मनुका. पुढच्या शुक्रवारी चर्चमध्ये येशूच्या मृत्यूची पालखी फुलांनी सजवतात आणि गावातून फिरवतात. सगळे लोक मागे चालतात. कोणाला आधीच बोलवावं लागत नाही.

आत्या, हो, २ तारखेपासून मी रजेवर आहे. बाबांशी खोटं बोलले. रजा मी आईसाठीच घेतली होती, नऊ तारखेपर्यंत. तिकीटपण काढलं होतं. मग बाबांचं निमंत्रण आलं. त्यात लिहिलंय, ‘सुप्रभाच्या अचानक जाण्याला एक वर्ष होत आहे.’ मी ते वाचलं आणि तिकीट कॅन्सल केलं.

ख्रिसमसला घरी आले होते तेव्हा आईची फाइल आवरली. त्यात हॉस्पिटलचं पेपर होता. त्यावर स्पष्ट आहे की ४ मेला, गुरुवारी, डॉक्टरांनी पतीला सांगितलं, फार थोडे दिवस आहेत, जवळच्यांना बोलवा. आणि शुक्रवारी बाबांनी मला फोनवर सांगितलं की राजाच्या राज्याभिषेकाची सुट्टी जोडून आलीय, सोमवारपर्यंत काही होणार नाही, तू मंगळवारी ये. मी मंगळवारी दुपारी उतरले. आई सकाळीच गेली होती. शनिवार, रविवार, सोमवार, तीन दिवस मी इथे ऑफिसचं काम करत होते. रविवारी बीचवर पण गेले.

त्यानंतर बाबांनी कुठली सुट्टी म्हटली की मी गुगल करते. मला लाज वाटते, पण करते. त्या हॉलमध्ये उभं राहून सगळ्यांसमोर ‘अचानक’ ऐकायची ताकद माझ्यात नाही. मी तिथेच ओरडेन.

हे बाबांना सांगू नका. त्यांचं ब्लड प्रेशर वाढेल. तुम्ही मशीन कानात घाला, प्लीज, म्हणजे फोनवर तरी बोलता येईल.

तुमच्यावर खूप प्रेम आहे, म्हणून एवढंच मागते.
स्नेहल


मिल्टन कीन्स
२८ एप्रिल २०२४

चि. जगदीश यास,
अ. आ.

पोरीनं सांगू नका म्हटलंय. तरी सांगते, कारण मी गप्प बसून एकदा काय झालं ते पाहिलंय.

तिथे कोणी नाही. रजा सुप्रभासाठीच घेतलेली होती. तिला सगळं माहीत आहे. हॉस्पिटलच्या कागदावर ४ मे ही तारीख आहे आणि तो कागद डिसेंबरपासून तिच्याजवळ आहे. तुझ्या निमंत्रणातला ‘अचानक’ तिनं वाचला आणि तिकीट रद्द केलं.

मी तुला शिव्या घालणार नाही. मला शंका आली होती आणि मी गाडी काढून निघाले नाही. नर्स असून निघाले नाही. तो माझा भाग आहे आणि तो मी सांभाळीन. तुझा भाग मात्र तुझा आहे.

मला उत्तर लिहू नकोस. तिला लिही. आणि या वेळी काही राखून ठेवू नकोस. तिच्या वयाच्या मुलीला खरं पेलतं, खोटं पेलत नाही.

सहा तारखेला मी दहाच्या आत हॉलवर पोचते. आशीर्वाद नेहमीसारखेच आहेत.
ताई


मेडनहेड
१ मे २०२४

चि. स्नेहल हिस,
अनेक आशीर्वाद.

आज तुमच्याकडे कामगार दिनाची सुट्टी आहे. खरी आहे, मला माहीत आहे. शुक्रवारपासून तुमचं पोस्टही बंद राहील, म्हणून फोटो काढून पाठवतो.

तू वाचलेला कागद खरा आहे. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूच्या खोलीत बसवून सांगितलं. मी मान डोलावली, थँक यू म्हणालो, आणि खाली येऊन गाडीत बसलो. फोन हातात होता. तुझं नाव समोर होतं. मला असं वाटलं, बेटा, की तुला बोलावलं म्हणजे मी मान्य केलं. तू दारात उभी राहिलीस की तुझ्या आईला कळेल आणि ती हात सोडेल. तू आली नाहीस तर तिला वाट पाहावी लागेल, मंगळवारपर्यंत तरी. शिकलेला माणूस मी. असा विचार केला. ताईलाही तेच सांगून थांबवलं.

हे एवढंच असतं तर कदाचित तुझ्यासमोर उभा राहिलो असतो. पण आणखी आहे. ताईलाही माहीत नाही.

शनिवारी आईनं विचारलं, स्नेहल कधी येते. मी सांगितलं, तिकडे मोठा सण आहे, सगळं बंद आहे, विमानंही नाहीत. तिनं विचारलं, कुठला सण. मला एकच आठवला, तू सांगितलेला, ज्यात लोक समुद्रावर जमून एकमेकांवर पाणी उडवतात. तो म्हणालो. ती हळूच म्हणाली, पाण्याचा सण तर जूनमध्ये असतो.

तुझे सगळे सण तिला पाठ होते. मी फोनवर नुसता हं हं करायचो, ऐकायची ती.

त्यानंतर तिनं तुझं नाव काढलं नाही. तू यायला तयार नाहीस असं तिला वाटलं, की मी खोटं बोलतोय हे तिला कळलं, मला सांगता येत नाही. मी विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही. तीन दिवस होते, विचारता आलं असतं.

म्हणून तू सुट्टीचं नाव काढलंस की मला ते खोटं वाटायचं. सायप्रसची खोटी सुट्टी आपल्या घरात एकदाच कोणी काढली, आणि ती मी काढली.

सोमवारी हॉलमध्ये मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. तू ये, असं म्हणायचा हक्क मला नाही.

माया ठेव असं लिहायची सवय आहे हाताला. आज लिहीत नाही.
बाबा


लिमासोल
४ मे २०२४

ती. बाबांस,
जयभीम.

पत्र गुरुवारी वाचलं. काल ती फुलांची पालखी निघाली. मी सगळ्यांच्या मागे चालले.

आईला काय वाटलं ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही, आणि आता कोणालाच विचारता येणार नाही. पण आत्यांनी तुम्हाला लिहायला भाग पाडलं नसतं तर मला एवढंही कळलं नसतं, की ती माझे सण पाठ करत होती.

सहा तारखेला मी येत नाही. तुम्ही बोला. आत्या पहिल्या रांगेत बसणार आहेत आणि त्यांनी मला शब्द दिलाय की त्या दिवशी मशीन कानात घालतील. तुम्ही काय बोललात आणि काय गाळलंत ते मी त्यांना विचारणार आहे.

गुरुवारी, नऊ तारखेला, सकाळच्या विमानानं येते. हॉल नको, लोक नकोत. आईच्या खोलीत आपण दोघं बसू आणि त्या तीन दिवसांत ती काय काय बोलली ते तुम्ही मला सांगायचं. पाणी मागितलं असेल तर तेही. तुम्ही सांगाल त्यावर माझा लगेच विश्वास बसेल असं मी म्हणत नाही. प्रत्येक गोष्ट मी दोनदा विचारीन, तुम्ही दोनदा सांगायचं.

दाराची किल्ली माझ्याकडे आहे, पण मी बेल वाजवीन. दार तुम्ही उघडा.
स्नेहल