मी वहीत घातलेला पूर

खारेपाटण, सोमवार, २८ जुलै

तीर्थस्वरूप यशोदा आतेस,

तुझ्या भाच्याचा, देवेशचा, वाकून नमस्कार. तुझे गुडघे, तुझी गाय आणि नदीकाठचं घर ही तिन्ही जागच्या जागी असतील असं धरून लिहितो. (फोन तू कानाला उलटा धरतेस, म्हणून पत्र. उद्या सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे देतोय.) इकडे आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे नम्रता बरी आहे.

पुलाच्या खांबावर रंगवलेली मीटरची पट्टी रोज सकाळी आठला बघायची आणि नदीची पातळी वहीत लिहायची, ही माझी अकरा वर्षांची नोकरी तुला माहीत आहे. माहीत नाही ते असं, की पट्टी मी क्वचितच बघतो. पावसात घसरत पुलाखाली कोण जाणार, म्हणून अख्ख्या महिन्याचे आकडे पहिल्या तारखेलाच एका बैठकीत भरून टाकतो. त्यातही कसब आहे. आकडे फार सरळ दिसले तर वरिष्ठांना संशय येतो, म्हणून थोडं वर, थोडं खाली, आणि श्रावणात एक भरघोस पूर. (प्रामाणिक माणसाच्या वहीत पूर असतोच.)

तर पंधरवड्यापूर्वी आमच्या नव्या अधिकारी, सारिका मॅडम, न सांगता आल्या आणि मला घेऊन पुलाखाली उतरल्या. वहीत कधीच लिहून ठेवलेले तीन मीटर बासष्ट, आणि खांबावर पाणीही बरोब्बर तिथेच. मॅडमनी शाबासकी दिली.

तेव्हापासून मी खरोखरच रोज आठला पट्टी बघतो. रोज तंतोतंत. शनिवारी कडक ऊन, घाटावरही थेंब नाही, तरी पाणी पाच मीटर दहावर आलं, कारण मी तसं लिहिलं होतं. ना गढूळ, ना खळखळ. चढलं आणि उभं राहिलं. घाबरून मी रविवारचे चार मीटर पाच खोडले आणि साडेतीन केले. रविवारी पाणी चार मीटर पाच. खोडलेलं तिला चालत नाही. नम्रतेला सांगितलं तर म्हणाली, "नदी तुजा आयकता, आणि तू माजा कदी आयकलंस?" मी भितोय गो आते.

यंदाचा पूर मी येत्या गुरुवारी घातला आहे. हात जरा सैल सुटला; अकरा मीटर चाळीस. तुझी पडवी नऊवर आहे हे लिहिताना ध्यानातच आलं नाही. मॅडमना फोन करून सगळं कबूल केलं. त्या हसल्या, म्हणाल्या, जिल्ह्यात तुमच्यासारखी वही नाही, थोडी रजा घ्या.

तुझा,
देवेश

ता. क. बुधवारी दुपारीच गाय घेऊन आमच्याकडे वर डोंगरावर ये, आणि येताना सगळी वाडी घेऊन ये. माझ्या सांगण्यावर कुत्रंही उठणार नाही, तुझ्या एका हाकेवर वाडी उठते. 'नदी माका वळाखता' हे तुझं नेहमीचं या वेळी नको. ती मलाही ओळखते, तोच तर घोळ झालाय.

आणखी एक. गुरुवारी महिना संपतो आणि शुक्रवारचं पान कोरं आहे. पाणी उतरवायचं तर मलाच काहीतरी लिहायला हवं. मघाशी पेन टेकवलं, तर बाहेर नदीचा आवाज थांबला. (हे पत्र म्हणून पेन्सिलीने लिहितोय.) तासभर झाला, अजून थांबलेलाच आहे. किती लिहू ते तू येऊन सांग.