निळ्या पातळातली देवी

४ ऑक्टो. ८६, शनि. घट बसले.
सकाळच्या पॅसेंजरनं नागपूरहून प्रभाकर भाऊजी आले. आणलं ते: पेढे, यांना टॉवेल, आमच्या मंगलाला रिबिनी. तीसेक रु. तरी गेले असतील. पेपरात फोटो काढतात, नट्यांच्या मागं फिरतात, हात सैल.
फराळाला बसल्यावर क्लबात पाहिलेल्या इटालीच्या सिनेमाची गोष्ट. भाऊजींसारखाच एक पेपरवाला. रात्र रात्र बड्या लोकांच्या मेजवान्या, पहाटे हाती काही नाही. त्यात दोन ख्रिस्ती लेकरं म्हणतात, आम्हाला देवाची माय दिसली. झालं. दिवे, कॅमेरे, जिथं दिसली त्या झाडाच्या फांद्याही लोक ओरबाडून नेतात. मंगलानं विचारलं, त्यांची माय कशी असते? म्हणाले, निळ्या वस्त्रात.
मी म्हटलं, अन् पेपरवाल्याचं होते काय शेवटी? "काहीच नाही वहिनी. तोच तर सिनेमा आहे."
घटाच्या दिवशी असली गोष्ट.

५. भाऊजी परत गेले.

७, मंगळ.
मंगला बागेतून धावत आली. संत्र्याखाली देवी दिसली म्हणे. माझे हात आपोआप जुळले. शेजारच्या काकू तर पोरीच्या पायाच पडल्या. विचारलं, नेसली काय होती? "निळं पातळ."
आपली देवी हिरव्यात, नाहीतर लालात. निळ्यात कधी ऐकली नाही. काकूंच्या ध्यानात आलं नाही. मी हात खाली घेतले.

८.
भाऊजी कॅमेऱ्यासकट हजर. इतक्यात कळवलं कोणी? यांना म्हटलं, तर "सख्खा भाऊ आहे माझा", एवढंच.
मंगलाला झाडाखाली बसवलं. केस मोकळे सोडवले, मळवट भरवला. पोरगी दहावीत. पेपरात आली की जन्मभर देवीच. शाळा नाही, सासर नाही.
अन् खरंच दिसली असेल तर? ऐन नवरात्रात मी देवीवर शंका घेऊन राहिली.

१०.
आजही शाळा बुडाली. जामसांवलीला दर्शनाला निघालेले लोक आधी आमच्या दारी नारळ ठेवून राहिले. पोरीला एकटीला गाठलं. निळंच काहून गं?
"मले काय माहीत आई. तशीच दिसली." रडली. मग डोळे पुसून, "काका फोटो केव्हा छापतील?"

११.
भाऊजींना नागपूरला पत्र टाकलं. यांना सांगितलं नाही. लिहिलं ते असं:
फोटो छापू नका, पदर पसरते. पोरीला तुम्ही पढवलं का, हे विचारत नाही. खरं सांगाल याचा भरवसा नाही. दुसरंच विचारते. त्या सिनेमातल्या लेकरांना माय खरंच दिसली होती का? अन् दिवे विझल्यावर त्यांना घरी कोणी नेलं? उलट टपाली कळवा.