काजळाचा रविवार

अहो,

भाकरी दुरडीत हे, पिठलं गरम करून घ्या. मी केदारखेड्याला आईकडं चालले, मंगळवारी सकाळच्या एसटीनं येईन.

टेबलावरच्या कागदाला हात लावू नका, वाळला न्हाई. दर रविवारी नवीन रंग वापरून पाहायचा, हे मी अजून सोडलं न्हाई. आधी खडू झाले, मंग जलरंग, गेरू, हळद. या वेळी तुमच्या आईनं बाळासाठी दिव्यावर धरलेलं काजळ घेतलं. डबी तुम्ही कपाटावर लपवून ठेवल्ती, मी काही आंधळी न्हाई. काजळ पाण्यात बिलकुल उतरत न्हाई, एरंडेल टाकावं लागतं.

कागद जवळजवळ कोराच हे. गालाची जागा धरून नुसती तीट लावली, पुढं हात चालला न्हाई. मला शुद्ध यायच्या आत तुम्ही बाळाला पुरून आल्ते. मी रडून राह्यले न्हाई, फक्त सांगते.

डबीत काजळ उरलंय, ब्रश धुऊन ठेवलाय. चित्र येत न्हाई म्हणू नका. चेहरा तुम्ही पाह्यला, मी न्हाई. तेवढा काढून ठेवा.

रेणुका